ते खुलासापत्र आधी मागे घ्या

वाचकाचे पत्र :

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत ४ टीम मिळून ३८ जणांची जबाबदारी सांभाळते. नऊ महिन्यांपूर्वी व्यवस्थापनाने सगळे काम अ‍ॅजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत आणि दर टप्प्यानंतर सुधारणा करत, करण्याचा निर्णय घेतला. बाहेरच्या सल्लागारांनी दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक टप्पे, सुरू झाले आणि पहिले काही महिने सर्वांनी उत्साह दाखवला. रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर वापरकर्त्यांना देण्याच्या, तारखा मात्र पूर्वीसारख्याच वरून ठरून येतात. आता सकाळचे स्टँडअप, म्हणजे उभ्याने घ्यायची रोजची छोटी बैठक, ही नुसती हजेरी झाली आहे. मध्यंतरी एका नवख्या मुलाने आपले काम चार दिवस अडल्याचे तिथे सांगितले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी त्याच दुपारी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. तो प्रश्न नंतर मिटला. रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय चुकले ते पाहण्याच्या बैठकीत, कोणी तोंड उघडत नाही. चारही टीमच्या स्टोरी पॉइंटचा, म्हणजे कामाच्या अंदाजी आकाराला दिलेल्या गुणांचा, तक्ता दर महिन्याला वर जातो आणि त्यात एक टीम सतत मागे दिसते. अठरा वर्षे प्रोजेक्ट मॅनेजर राहिलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे पद नव्या रचनेत उरले नाही. ते उघडपणे म्हणतात की, हे सगळे वर्षभरात बंद पडेल. तीन महिन्यांनी व्यवस्थापन या बदलाचा आढावा घेणार आहे. लोक बदल स्वीकारायला तयार नाहीत. मी आता कडक व्हावे, की हा नाद सोडून द्यावा?

— एक वाचक

उत्तर :

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात एका वाक्यात सांगून पुढे निघून गेलात, आणि तो प्रश्न नंतर मिटला असेही लिहिलेत. त्या मुलापुरता तो कदाचित मिटला असेल, पण टीमपुरता तो तिथेच सुरू झाला. अडचण सांगणाऱ्याला त्याच दुपारी लेखी खुलासा द्यावा लागतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर उरलेल्या ३७ जणांना स्टँडअपमध्ये काय बोलावे आणि काय गिळून टाकावे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. सल्लागारांनी दोन दिवस जे सांगितले आणि त्या दुपारी जे घडले, त्या दोहोंपैकी त्यांनी घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केले असते. म्हणून ‘लोक बदल स्वीकारायला तयार नाहीत’ हे तुमचे निदान मला मान्य करता येत नाही, आणि त्यावर बेतलेला कडक होण्याचा उपायही मान्य करता येत नाही.

ज्या पद्धतीच्या नावाने हे सारे चालले आहे, ती मुळात काय सांगते, हे एकदा पाहायला हवे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सॉफ्टवेअर क्षेत्रातील १७ जण जमले आणि त्यांनी जो जाहीरनामा लिहिला, त्यात ४ मूल्ये आणि त्यांच्या जोडीला १२ तत्त्वे आहेत. स्प्रिंट, स्टँडअप किंवा स्टोरी पॉइंट यांपैकी एकही शब्द त्यात नाही. पहिलेच मूल्य प्रक्रिया व साधने यांच्यापेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद यांना अधिक मोल देते, आणि एक तत्त्व असे सांगते की, उमेदीच्या माणसांना हवे ते वातावरण व पाठबळ द्यावे आणि ती काम पूर्ण करतील असा त्यांच्यावर विश्वास ठेवावा. तुमच्याकडील स्प्रिंट आणि रोजची बैठक स्क्रम या अ‍ॅजाइल कामाच्या एका प्रचलित चौकटीतून आली आहे. स्क्रमच्या मार्गदर्शिकेनुसार ही १५ मिनिटांची बैठक प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी पुढच्या दिवसाची आखणी आपसांत जुळवून घेण्यासाठी असते. वरिष्ठांना अहवाल देण्याची ती जागा नव्हे. तुमच्या कंपनीने या पद्धतीचे वेळापत्रक उचलले, परंतु तारखा कोणी ठरवायच्या, काम अडले तर काय करायचे आणि माणसाची किंमत कशावरून ठरवायची, या तिन्ही बाबी जुन्या व्यवस्थेकडेच राहू दिल्या. अशा वेळी टीम वेळापत्रक पाळते आणि बाकी सगळे पूर्वीसारखे करत राहते, आणि तुम्ही वर्णन केलेले चित्र नेमके तेच आहे.

वरून आलेल्या बदलापुढे माणसे का आखडतात, याचा विचार करताना मला एका जुन्या प्रयोगाची नेहमी आठवण होते. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. व्हर्जिनियातील मॅरियन येथे हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता, आणि तिथे कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, तक्रारी वाढत आणि कामगार नोकरी सोडून जात. तेव्हा या दोघांनी साधारण सारख्याच आकाराचा बदल वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या रीतीने केला. एका गटाला कारखान्याच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे एकत्र बोलावले, बदल का आवश्यक आहे हे सांगितले, मजुरीचा नवा दर समजावला, प्रश्नांची उत्तरे दिली आणि कामाला लावले. दुसऱ्या गटाने आपल्यातून निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत आखणीत भाग घेतला, आणि आणखी दोन गटांत प्रत्येक कामगार नवी पद्धत ठरवण्यात सामील झाला. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांतच त्यातील १७ टक्के कामगार सोडून गेले. सर्वांच्या सहभागाने बदल झालेल्या गटांनी लवकरच जुना वेग गाठला, तो ओलांडलाही, आणि त्या काळात त्यांतून कोणीही गेले नाही. माझ्या दृष्टीने यापुढचा भाग सर्वांत बोलका आहे: पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना पुढे आणखी एका नव्या कामावर हलवण्यात आले, या वेळी आखणीत सामील करून घेऊन, आणि पूर्वी ज्यांच्यावर बदलाला विरोध करणारे असा शिक्का सहज बसला असता, त्याच माणसांनी भराभर वेग पकडला. त्या गटालाही पहिल्या वेळी सगळे नीट समजावून सांगितले होते, हे कृपया लक्षात घ्या. तुमच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणातही समजावणेच झाले. ठरवण्याचा अधिकार कोणालाच मिळाला नाही.

हा अधिकार किती मोठा असावा, याची चिंता करू नका. स्टँडअप किती वाजता घ्यावे, उभ्याने घ्यावे की लिहून, स्प्रिंट दोन आठवड्यांचा असावा की तीन, काम ‘पूर्ण’ झाले असे केव्हा म्हणायचे, एवढे जरी प्रत्येक टीमला स्वतः ठरवू दिले आणि ते ठरवणे पाळले, तरी नऊ महिन्यांत प्रथमच त्यांना काही विचारले गेले असेल. चारही टीमचे निर्णय वेगवेगळे निघाले तर निघू द्यावेत. सगळ्यांनी एकाच साच्यात बसावे ही गरज बहुधा अहवाल लिहिणाऱ्याची असते.

स्टोरी पॉइंटचा तक्ता वर पाठवणे मात्र तुम्ही थांबवावे, असे मी आग्रहाने सांगेन. पॉइंट हे टीमने स्वतःच्या अंदाजासाठी मानलेले माप आहे. एका टीमचे ५ आणि दुसरीचे ५ सारखे असण्याचे काहीही कारण नसते. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या अ‍ॅजाइल कुळातल्याच पद्धतीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामाचा अंदाज ‘आदर्श दिवसां’त, म्हणजे कसलाही व्यत्यय नसता किती दिवस लागतील या हिशेबात, सांगितला जाई. पण एका आदर्श दिवसाच्या कामाला प्रत्यक्षात तीन दिवस का लागतात, असा प्रश्न वारंवार येऊ लागला, तेव्हा दिवस हा शब्दच काढून पॉइंट म्हणायला सुरुवात झाली. ही हकिगत सांगणाऱ्या रॉन जेफ्रीज यांच्याकडे या कल्पनेचे जनकत्व बहुधा जाते, आणि तिचा जो गैरवापर झाला त्याबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. वरच्यांच्या गैरसमजापासून टीमला वाचवण्यासाठी जे माप आले, तेच तुमच्याकडे वरच्यांनी टीमला जोखण्याचे साधन झाले आहे.

याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे आणि त्याला कारणही मीच होते. माझ्या देखरेखीखालील दोन टीमचे तक्ते मी एकदा भिंतीवर शेजारी शेजारी लावले, थोडी चुरस असली की काम वाढेल अशा समजुतीने. काही आठवड्यांत दोन्हींचे आकडे चढू लागले, कारण पूर्वी ३ पॉइंटचे वाटणारे काम आता सर्वांना ५ पॉइंटचे वाटू लागले होते. वापरकर्त्यांच्या हाती पडणारे काम होते तेवढेच राहिले. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही टीमनी एकमेकींच्या अडचणी सोडवायला जाणे बंद केले, आणि तक्ते उतरवल्यानंतरही तो दुरावा भरून यायला बराच काळ गेला. तुमची ‘सतत मागे’ असलेली टीम याच दृष्टीने एकदा पाहा. ती प्रामाणिक अंदाज देत असेल, किंवा बाकी तिघींचे अडलेले काम मोकळे करण्यात तिचा वेळ जात असेल, आणि हे दोन्ही गुण त्या तक्त्यात दोष म्हणून उमटत असतील.

वरिष्ठांना आकडा लागतोच, आणि ते गैरही नाही. त्यांना एखादे काम हाती घेतल्यापासून वापरकर्त्यापर्यंत पोहोचायला सरासरी किती दिवस लागतात, हे दाखवा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले एक साधे सूत्र इथे उपयोगी पडते: काम येण्याचा आणि संपण्याचा वेग साधारण स्थिर असेल, तर प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे एका वेळी हाती असलेल्या कामांची संख्या भागिले ती पूर्ण होण्याचा वेग. एखाद्या टीमच्या बोर्डावर २४ कामे चालू असतील आणि आठवड्याला ६ संपत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी ४ आठवडे लागणार. त्याच वेगाने संपत असताना हाती १२ च कामे ठेवली, तर २ आठवडे. आपली टीम मंद आहे अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ व्यवस्थापकांना एका वेळी किती कामे सुरू आहेत, हे सांगता येत नाही, असे मी पाहत आले आहे. तुम्ही ती मोजा, आणि कोणती बाजूला ठेवायची हे वरिष्ठांना विचारा. या संभाषणात कोणाच्याही मेहनतीवर बोट ठेवावे लागत नाही आणि निर्णयाचा भार जिथे असायला हवा तिथे जातो.

आता तुमचे ज्येष्ठ सहकारी. त्यांच्याविषयी तुम्ही थोडे त्राग्याने लिहिले आहे, आणि ते मी समजू शकते, पण त्यांच्या जागी थोडा वेळ बसून पाहा. अठरा वर्षे ज्या कामाने त्यांना नाव दिले, ते काम एका सादरीकरणातल्या चौकटीतून नाहीसे झाले, आणि त्याचा साधा उल्लेखही कोणी केला नसावा, असा माझा अंदाज आहे. संस्थांमधील बदलांवर दीर्घकाळ काम केलेले विल्यम ब्रिजेस बाहेरचा बदल आणि माणसाच्या मनातले स्थित्यंतर यांत फरक करत. बदल एका दिवसात जाहीर होतो. स्थित्यंतराची सुरुवात मात्र शेवटापासून होते, म्हणजे काय संपले हे आधी मान्य व्हावे लागते, मग जुने सुटले आहे आणि नवे अंगवळणी पडलेले नाही असा एक संदिग्ध काळ जातो, आणि त्यानंतरच नवी सुरुवात होते. तुमच्या कंपनीने सर्वांना थेट तिसऱ्या टप्प्यावर उभे केले. तुमचे सहकारी पहिल्याच टप्प्यावर आहेत, आणि तिथे त्यांच्याबरोबर कोणी नाही.

त्यांच्याशी एकट्याने, घाई नसलेल्या वेळी बोला. बैठक म्हणून बोलावू नका. जे संपले ते काय होते, हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या: कोणत्या रिलीजच्या वेळी त्यांनी काय सावरले होते, कोणत्या ग्राहकाचा विश्वास त्यांच्यामुळे टिकला होता. मग त्यांना विचारा की, हे वर्षभरात बंद पडेल असे त्यांना नेमके कशावरून वाटते. ही औपचारिकता म्हणून विचारू नका. अठरा वर्षांत त्यांनी अशा अनेक मोहिमा येताना आणि जाताना पाहिल्या असतील, आणि त्यांच्या उत्तरात तुमच्या आढाव्यासाठी सल्लागारांच्या अहवालापेक्षा अधिक उपयुक्त मजकूर सापडण्याची शक्यता आहे. ते काय सांगतात ते लिहून घ्या आणि त्यातील एका गोष्टीवर खरोखर कृती करा.

त्यांना स्क्रम मास्टर, म्हणजे टीमला स्क्रम नीट वापरायला मदत करणारा माणूस, करून टाकण्याचा मोह मात्र टाळा. रिकामी खुर्ची आणि रिकामा माणूस यांची जोडी लावण्याचा हा प्रकार फार ठिकाणी होतो, आणि ज्याने आयुष्यभर कामे वाटून दिली, त्याला दुसऱ्या दिवसापासून कोणालाही काम वाटू नका असे सांगणे दोन्ही बाजूंना जाचक ठरते. चार टीम एकाच प्रॉडक्टवर काम करत असतील, तर त्यांच्यातील अवलंबित्व कोणीतरी सांभाळावे लागते. कोणता भाग आधी तयार झाला पाहिजे, कोणत्या करारात काय कबूल केले आहे, रिलीजच्या आठवड्यात कोणी कोणाशी बोलायचे, हे सर्व नव्या रचनेतही राहतेच, आणि सध्या ते कोणाच्याच नावावर नसावे. ते काम त्यांना मानाने, नावानिशी आणि सर्वांसमोर द्या. त्यांना स्क्रम मास्टर व्हायची स्वतःहून इच्छा झाली, तर गोष्ट वेगळी.

रेट्रोतील शांततेवर वेगवेगळे खेळ किंवा रंगीत चिठ्ठ्या हा उपाय नाही. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी नोंदलेल्या असतील ही अपेक्षा उलटी ठरली. तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, आणि त्याचे कारण त्यांना असे दिसले की, त्या टीममध्ये चूक झाल्याचे मोकळेपणाने सांगता येत होते. तुमच्या रेट्रोत एकही तक्रार येत नाही, ही बाब म्हणूनच गंभीर आहे. काही स्प्रिंट तुम्ही त्या बैठकीला जाऊ नका आणि वरिष्ठांनाही जाऊ देऊ नका. टीमला एवढेच सांगा की, प्रत्येक वेळी माझ्या हातात असलेली एकच गोष्ट माझ्याकडून मागा. ती पुढचा स्प्रिंट संपण्याआधी पूर्ण करा, आणि ती जमण्यासारखी नसेल तर का नाही, हे समोर येऊन सांगा. पहिल्या दोन-तीन मागण्या अगदी किरकोळ असतील, कारण ते तुम्हाला जोखत असतील. त्यांना तसे करू द्या.

आढाव्याला तीन महिने आहेत, म्हणजे दोन आठवड्यांचे साधारण सहा स्प्रिंट. एवढ्यात ३८ जणांची संपूर्ण व्यवस्था बदलेल असे आश्वासन कोणालाही देऊ नका. एक टीम आणि एक प्रॉडक्ट निवडा. तीही स्वतःहून पुढे आलेली टीम असावी. त्या एका ठिकाणी वरिष्ठांकडून दोन गोष्टी मागून घ्या. पहिली अशी की, रिलीजची तारीख त्यांनी ठरवावी, पण त्या तारखेला कोणकोणते भाग तयार असतील हे टीमच्या गतीवर सोडावे, आणि भागांचा महत्त्वक्रम प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय आधी हवे हे ठरवणाऱ्या माणसाने, लावून द्यावा, म्हणजे वेळ कमी पडला तर शेवटचे भाग राहतील, पहिले राहणार नाहीत. दुसरी अशी की, त्यांनी स्टँडअपला येणे बंद करावे आणि दर स्प्रिंटच्या शेवटी होणाऱ्या रिव्ह्यूला यावे, जिथे चालते सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर असते आणि त्यांच्या प्रश्नांना खरोखर स्थान असते. देखरेख करणाऱ्या माणसाला नुसते ‘येऊ नका’ म्हटले तर त्याला अंधारात ठेवल्यासारखे वाटते. त्याला पाहण्याची योग्य जागा दाखवली, तर पुष्कळ जण ती आनंदाने घेतात.

वार्षिक अप्रेझलचा नियम तुम्ही एकटीने बदलू शकणार नाही, पण त्या अर्जात तुम्ही काय लिहिता हे तुमच्या हातात आहे. दुसऱ्याचे अडलेले काम सोडवण्यात ज्याचा आठवडा गेला, त्याच्या अर्जात ते ठळकपणे लिहा.

कडक व्हावे की सोडून द्यावे, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. स्टँडअप, स्प्रिंट, रेट्रो यांतील जे काही टीमला उपयोगी पडत नाही, ते त्यांच्याशी बोलून खुशाल सोडा. आज जसे काम चालते तिथूनच सुरुवात करावी, हाती घेतलेली कामे मर्यादित ठेवावीत आणि मग हळूहळू सुधारत जावे, असे सांगणारी कानबान ही पद्धतही त्याच कुळातली आहे आणि थकलेल्या टीमला ती अनेकदा अधिक मानवते. कडक व्हायचेच असेल, तर एकाच बाबतीत व्हा: अडचण सांगणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागणार नाही. यात वरिष्ठांसमोर उभे राहावे लागेल, आणि ते सोपे नाही याची मला जाणीव आहे.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. वरिष्ठांकडे जा आणि त्या मुलाचे खुलासापत्र मागे घेण्याची विनंती करा. चार दिवस अडलेले काम पाचव्या दिवशी कळले हा कंपनीचा फायदा होता, आणि तसेच काम पुढच्या वेळी तीन आठवडे कळणार नाही, हे त्यांना आकड्यांसह दाखवा. त्यांनी मान्य केले, तर त्यांनाच ते स्टँडअपमध्ये सांगू द्या, कारण ते त्यांच्या तोंडून आले तर त्याचे वजन वेगळे असेल. मान्य केले नाही, तर ते पत्र त्याच्या अप्रेझलमध्ये धरले जाणार नाही, असे तुम्ही स्वतः त्याला लेखी द्या. दोन्ही बाबतींत टीमपुढे जाण्याआधी त्या मुलाशी एकट्याने बोला, त्या दिवशी त्याची बाजू घ्यायला तुम्ही उभ्या राहिला नाहीत हे मान्य करा, आणि ज्या कामात तो अडला होता ते शेवटी कसे सुटले, हे त्याच्याकडून ऐकून घ्या.